नवोदित ख्रिस्ती लेखक आणि मराठीचा वारसा

मराठीत लिहू लागलेल्या ख्रिस्ती तरुणास उत्तेजन द्यावयाचे झाले म्हणजे बहुधा दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक अशी की, फादर स्टीफन्स आणि रेव्हरंड टिळक यांची थोर परंपरा त्याच्या पाठीशी उभी आहे. आणि दुसरी अशी की, त्याने आपल्या लेखणीने प्रभूची सेवा करावी. दोन्ही गोष्टी सद्हेतूने सांगितल्या जातात, आणि लिहावयास बसल्यावर त्यांचा त्याला फारसा उपयोग होत नाही. पहिलीने मनावर दडपण येते, तर दुसरीने लेखनाचा शेवट लेखनाच्या आधीच ठरून जातो. परंपरा थोर आहे यात शंका नाही; पण आज लिहिणाऱ्याच्या ती कोणत्या कामी यावी याचा विचार करणारे समीक्षक थोडे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत ख्रिस्ती लेखनाला एक प्रकरण मिळते. त्यात मिशनऱ्यांची व्याकरणे येतात, कोश येतात, छापखाने येतात आणि अखेरीस टिळकांवर काही परिच्छेद येतात. जिवंत लेखकाच्या अडचणींना त्या प्रकरणात जागा नसते.

ही अडचण प्रथम भाषेची आहे, श्रद्धेची नंतर. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात वाढलेला ख्रिस्ती मुलगा घरी जी मराठी बोलतो ती त्याच्या शेजाऱ्यांचीच मराठी असते. तीच पिकांची नावे, त्याच शिव्या, तेच उखाणे. रविवारी तो उपासनेला जातो तेव्हा त्याच्या कानावर दुसरी मराठी पडते. 'तारण', 'कृपा', 'पाचारण', 'साक्ष', 'मंडळी' हे शब्द तेथे त्यांच्या नेहमीच्या अर्थाहून निराळ्या, भरीव अर्थाने वावरत असतात. ही भाषा दोनशे वर्षांच्या भाषांतरांतून घडली आहे आणि तिला तिचे गांभीर्य आहे. ती कृत्रिम म्हणून हिणवण्याचे कारण नाही. वसईच्या कॅथलिक मुलाची स्थिती आणखी गुंतागुंतीची असते. त्याच्या घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, मिस्सेच्या वेळी प्रमाण मराठी, आणि शाळेत पुन्हा तिसरेच काही. मग तो कथा लिहू लागतो आणि त्याची आजी मरणशय्येवर पाळकाच्या भाषेत बोलू लागते. जन्मभर जिने सुनेवर करवादण्यापलीकडे मोठे वाक्य उच्चारले नाही, ती अखेरच्या क्षणी तीन ओळींचे प्रवचन करते. वाचकाचा विश्वास तेथे उडतो. आजीची श्रद्धा खोटी असते असे नाही. तिचे शब्द तिचे नसतात.

म्हणून या तरुणाने परंपरेकडे भाषाविषयक निर्णयांची नोंदवही म्हणून पाहावे. इंग्लंडातून 1579 साली गोव्यात आलेल्या स्टीफन्सपुढे नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांचा प्रश्न होता. त्यांची जुनी पुराणे सुटली होती आणि कानांची सवय सुटली नव्हती. त्याने त्यांना ओवीतच नवे पुराण दिले. ते 1616 साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द निःसंकोचपणे येतो. श्रोत्याच्या मनात आधीपासून असलेल्या शब्दाला नवा अर्थ चिकटवण्याचे हे धोरण होते. स्टीफन्सचा मराठीवरील लोभ खरा होता, पण त्याच्या धोरणात एक धोका होता, आणि तो त्याच्याइतक्या प्रतिभेच्या माणसालाच पेलण्यासारखा होता. जुना शब्द आपला जुना अर्थ सहजासहजी सोडत नाही.

तीनशे वर्षांनंतर पंडिता रमाबाईंनी नेमका उलट निर्णय घेतला. त्या पुराणिकाच्या कन्या. संस्कृत त्यांच्या जिभेवर वाढलेले. 1878 साली कलकत्त्यातील पंडितांनी त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली ती याच विद्वत्तेसाठी. त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचे मराठी भाषांतर एकहाती सिद्धीस नेले. पण त्यात संस्कृतप्रचुर शब्दांची, विशेषतः जुन्या धर्मकल्पनांचा वास लागलेल्या शब्दांची, वाट त्यांनी जाणूनबुजून टाळली. केडगावच्या मुक्तिसदनात शिकू लागलेल्या बायकांना ते वाचता यावे ही त्यांची कसोटी होती. त्याच बायकांनी तेथील छापखान्यात खिळे जुळवले. 1922 साली रमाबाई वारल्या आणि त्यानंतर दोन वर्षांनी ते बायबल प्रसिद्ध झाले. त्यातील मराठी काही ठिकाणी ओबडधोबड वाटते हे मान्य केले पाहिजे. अर्थाशी इमान राखताना वाक्याचा ओघ तुटला तरी बाईंनी पर्वा केलेली नाही. परंतु जिला संस्कृत पाठ होते तिने ते बाजूला ठेवले, यातील त्याग ज्याला कळेल त्याला आपल्या वाक्यातील प्रत्येक जड शब्दाविषयी शंका घेण्याची सवय लागेल.

नारायण वामन टिळकांनी तिसरा मार्ग धरला. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांनी अभंग सोडला नाही आणि कीर्तनही सोडले नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो ही त्यांची धारणा प्रसिद्धच आहे. 'अभंगांजली'तील ख्रिस्त माउली होऊन येतो, गुरू होऊन येतो. तो मराठी मनाला परका वाटत नाही. मात्र टिळकांचे अनुकरण ही मराठी ख्रिस्ती कवितेला जडलेली जुनी व्याधी होय. टिळकांच्या अभंगातील आर्तता त्यांनी दिलेल्या किंमतीतून आली होती. घर दुरावले, पत्नी काही वर्षे दुरावली, जात दुरावली. ज्याचे काहीच दुरावलेले नाही त्याने तीच माउली तशाच चरणांत आळवली म्हणजे चाल तेवढी उरते. नव्या कवीने टिळक जरूर पाठ करावेत आणि लिहिताना विसरावेत.

गद्याच्या बाजूला पाहू गेल्यास बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (1857) समोर येते. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होत आला आहे. तिचे उपशीर्षकच विधवांच्या स्थितीचे निरूपण असे आहे. पुस्तकात दोन लेखक नांदतात. एक यमुनेबरोबर हिंडतो, घरोघरच्या विधवांची दुःखे ऐकतो, केशवपनाची भीती आणि सासरचा जाच नोंदवतो. हा लेखक आजही वाचवतो. दुसरा लेखक मधूनमधून पुढे येतो, पात्रांच्या तोंडी वादविवाद घालतो आणि कोणाचे म्हणणे बरोबर हे वाचकाने आधीच ओळखावे अशी व्यवस्था करतो. पदमनजींचा काळ पाहता त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. मराठी कादंबरीला तेव्हा पायवाटही नव्हती. परंतु आज लिहिणाऱ्याने हे पुस्तक हाती पेन्सिल घेऊन वाचावे आणि पहिला लेखक कोठे संपतो व दुसरा कोठे सुरू होतो तेथे खूण करावी. मग तीच पेन्सिल घेऊन स्वतःच्या हस्तलिखिताकडे वळावे.

ज्या पुस्तकात हा दुसरा लेखक औषधालाही सापडत नाही ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. 1934 पासून ती भागाभागाने प्रसिद्ध झाली. पतीचे चरित्र मुलाला लिहिता यावे म्हणून आठवणींची टाचणे काढावयास बाई बसल्या आणि त्यातून हे आत्मचरित्र उभे राहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी ख्रिस्ती लेखकाला जे शिकवले ते धर्मशास्त्राच्या कोणत्याही पदवीधराने शिकवलेले नाही. पुस्तकाच्या आरंभीच वडिलांच्या सोवळ्याचे वेड येते. हे वर्णन करताना पुढे ख्रिस्ती झालेली लेखिका जुन्या धर्मावर टीका करण्याची ती आयती संधी साधत नाही. ती हसते, आणि त्या हसण्यात वडिलांविषयीची माया आहे. पतीने बाप्तिस्मा घेतल्याची बातमी, त्यानंतरचा आकांत, नातलगांच्या आश्रयाने काढलेले दिवस या सर्व भागात टिळक हे धर्मवीर होऊन येत नाहीत. ते एका बाईचा संसार उधळून लावणारा नवरा म्हणूनच येतात. पैसा हाती टिकू न देणारा, क्षणात भडकणारा आणि क्षणात विरघळणारा हा माणूस पुढे साधुत्वाच्या जवळ जातो तेव्हा वाचक ते मान्य करतो, कारण त्याचा कोणताही दोष वाचकापासून लपवलेला नसतो.

बाईंचे स्वतःचे मतपरिवर्तन तर याहून लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेथे वीज चमकत नाही. पाण्याची भांडी, स्वयंपाकघराची सीमा, कोणाच्या हातचे घ्यावे आणि कोणाच्या हातचे घेऊ नये अशा घरगुती अडचणींतून ते पुढे सरकते. सोवळे एका दिवसात जात नाही. ते थोडे सुटते, पुन्हा धरले जाते, पुन्हा सुटते, आणि ज्या दिवशी जातिभेद हा माणसांनीच केलेला आहे हे बाईंना पटते त्या दिवसापर्यंत वाचकही त्यांच्याबरोबर त्या स्वयंपाकघरात वावरलेला असतो. अनुग्रहाचा सिद्धान्त मराठीत कोणी पाण्याच्या घागरीइतका जवळ आणला असेल तर तो लक्ष्मीबाईंनी; आणि तो शब्द त्यांनी तेथे उच्चारलेलाही नाही. विशेष असे की, ज्यांना ख्रिस्ती धर्माशी काहीही कर्तव्य नाही अशा मराठी वाचकांच्या पिढ्यांनी हे पुस्तक आपले मानले. शांता गोखले यांनी केलेले त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर 2017 साली आले आणि मराठी न जाणणाऱ्या वाचकालाही ते उपलब्ध झाले.

यावरून तरुण लेखकाने कोणता व्यावहारिक बोध घ्यावा? पहिला असा की, त्याने 'साक्ष' आणि कथा यांतील भेद ओळखावा. मंडळीत साक्ष देण्याची प्रथा आहे. तिचा घाट ठरलेला असतो: पूर्वीचे वाईट दिवस, एक संकट, प्रार्थना, आणि मग सुटका. ऐकणाऱ्यांना शेवट ठाऊक असतो आणि तो ठाऊक असण्यातच त्यांचे समाधान असते. उपासनेत हे योग्यच आहे. कथेत मात्र शेवट ठाऊक असला की मधली पाने मरतात. ख्रिस्ती मासिकांतील पुष्कळशा कथा या साक्षीच असतात. नावे तेवढी बदललेली. दारुडा सुधारतो, दुरावलेला मुलगा नाताळच्या रात्री घरी येतो, आजारी मुलीचा ताप प्रार्थना संपण्याच्या सुमारास उतरतो. ज्या घरातील ताप उतरला नाही, त्या घराने दुसऱ्या रविवारी उपासनेला जाताना कोणते कपडे घातले, हे कोणी लिहीत नाही.

याबाबतीत बाहेरच्या टीकाकारांचे ऐकण्याचीही गरज नाही. शुभवर्तमानातील दृष्टांत वाचले तरी पुरे. लूकच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या मुलाची गोष्ट येते. धाकटा परत येतो, मेजवानी होते, आणि शेतावरून आलेला थोरला भाऊ रागावून बाहेरच उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि गोष्ट तेथेच थांबते. थोरला आत गेला की नाही हे सांगितलेले नाही. मराठीला दृष्टांत नवा नाही. महानुभावांच्या 'दृष्टांतपाठा'त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक अशी मांडणी आहे आणि अर्थ उलगडण्याचे काम दार्ष्टान्तिकाकडे सोपवलेले आहे. लूकच्या या गोष्टीला दार्ष्टान्तिक नाही. असे असता, आपल्या नवख्या कथाकाराला मात्र ते जोडल्याशिवाय चैन पडत नाही.

दुसरी गोष्ट वाचकाविषयीची. ख्रिस्ती लेखकापुढे दोन वाचक बसलेले असतात. घरचा वाचक कौतुक करावयास उत्सुक असतो आणि त्याला दुखवण्याची भीती वाटते. बाहेरच्या वाचकाला सर्व काही समजावून सांगावे लागेल असे वाटते. मग 'बाप्तिस्मा', 'प्रभुभोजन', 'पाळक' हे शब्द आले की लेखक कंसात अर्थ देऊ लागतो. लक्ष्मीबाईंनी सोवळ्याचा अर्थ कोठे कंसात दिला? पाळक दारात आला, सायकल भिंतीला टेकवली, आणि घरातल्या बाईने घाईघाईने खुर्चीवरचे कपडे उचलले. एवढ्याने पाळक म्हणजे कोण हे कोणत्याही वाचकास कळते. शब्दाला कामास लावले म्हणजे त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. बाहेरच्या संपादकांची एक खोड येथेच नोंदवली पाहिजे. त्यांना ख्रिस्ती लेखकाकडून 'ख्रिस्ती वातावरण' हवे असते, म्हणजे नाताळ, केक, गिटार आणि किंचित मोडके मराठी बोलणारी एखादी आंटी. वर्षातून एकदा डिसेंबरात आठवण काढल्या जाणाऱ्या लेखकाने ते निमंत्रण एखादे वर्ष नाकारून पाहावे आणि जुलैत पेरणीवरची कथा पाठवावी.

याचा अर्थ त्याने आपल्या समाजाबद्दल लिहू नये असा नव्हे. उलट त्याबद्दलचे सर्वात मोठे लेखन व्हावयाचेच आहे. अमेरिकन मिशनने अहमदनगर येथे 1831 साली ठाणे घातले. त्यानंतर त्या परिसरात जे ख्रिस्ती झाले त्यांत महार आणि मांग समाजांतील कुटुंबांची संख्या मोठी होती. त्याच जिल्ह्यात जन्मलेल्या दया पवारांचे 'बलुतं' 1978 साली आले आणि त्याने मराठी आत्मचरित्राची दिशा बदलली. एकाच गावकुसाबाहेरच्या वस्तीतून एक वाट 1956 च्या धम्मदीक्षेकडे गेली, दुसरी त्याआधीच मिशनच्या शाळेकडे गेली होती. पहिल्या वाटेने मराठीला 'बलुतं' दिले. दुसऱ्या वाटेवरचे त्या तोलाचे पुस्तक अद्याप मराठी वाचकाच्या हाती पडावयाचे आहे. तमिळमध्ये बामा यांनी 'करुक्कु' (1992) लिहून दलित ख्रिस्ती जीवनाला आणि चर्चमधील जातिभेदाला वाचा फोडली. त्या स्वतः काही काळ जोगीण होत्या, पुढे मठातून बाहेर पडल्या, आणि त्यांनी बोलीतच लिहिले. मराठीत हे का घडले नाही याचे एक कारण भित्रेपणा असू शकेल, पण तेवढेच कारण देणे उथळपणाचे होईल. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. त्या 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती अजून त्याबाहेर आहेत. परिणामी कित्येक घरांत कागदावर एक ओळख आणि मंडळीत दुसरी ओळख असते. ज्याचे आत्मचरित्र छापले गेल्याने भावाचा दाखला अडचणीत येऊ शकतो, त्याला धीट व्हा असे दुरून सांगणे सोपे आहे. त्याला कादंबरीचा आडोसा आहे हे सांगणे अधिक उपयोगाचे. त्या दोन नावांच्या मधल्या जागेत उभा असलेला माणूस हा आजच्या मराठी कादंबरीला मिळू शकणारा अत्यंत समर्थ नायक आहे.

आणि ज्याला याविषयी लिहावयाचे नसेल त्यालाही मोकळीक आहे. मायकेल मधुसूदन दत्त यांनी 1843 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे त्यांचे महाकाव्य झाले ते मेघनादावर. टिळकांना फुलामुलांचे कवी म्हटले जाते ते काही धर्मगीतांमुळे नव्हे. 1907 साली जळगावास कविसंमेलन भरले तेव्हा त्याच्या उभारणीत टिळकांचा पुढाकार होता. ज्या ठोंबऱ्यांना तेथे 'बालकवी' हे नाव मिळाले त्यांना पुढे टिळकांच्या घरी आसरा मिळाला. मराठी कवितेच्या मध्यभागी ते घर उभे होते. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईतील 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले, हरित वसईच्या आंदोलनात ते उतरले, त्यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले. 2020 साली उस्मानाबाद (आता धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला विरोधही झाला. ते 2024 साली निवर्तले. त्यांच्या वाक्यात प्रवचनकार पुष्कळदा डोकावतो हे खरे, पण विहिरींचे पाणी आणि शेतजमिनी यांविषयी लिहिताना तो मागे सरतो आणि वसईचा शेतकरी पुढे येतो.

उमेदवारीच्या काळात करावयाचे म्हणून एकच काम सुचवावयाचे असेल तर ते भाषांतराचे. स्तोत्रसंहितेतील एखादे लहान स्तोत्र घ्यावे. त्याची रमाबाईंची, बायबल सोसायटीची आणि 'सुबोध बायबल'मधील अशी तीन रूपे शेजारी ठेवावीत. प्रत्येकाने कोणता शब्द टाळला आहे तो शोधावा. मग ती पुस्तके मिटून तेच स्तोत्र घरच्या मराठीत, ज्या मराठीत आई भांडते आणि समजूत घालते त्या मराठीत, मांडून पाहावे. छापण्यासाठी नव्हे, बहुधा ते छापण्याजोगे होणारही नाही. 'कृपा' या शब्दापाशी लेखणी अडेल. घरात त्या अर्थाचे काय म्हणतात हे आठवावे लागेल, कदाचित आईला विचारावे लागेल, आणि ती म्हणेल की असे काही आम्ही म्हणत नाही, नुसते जेवायला वाढतो.